एकतिसावा शब्द

११ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परत गेल्याला पाच आठवडे झाले आणि तेवढ्यात तुझे सहा निरोप आले, की बाबा फोन का उचलत नाहीत. अगं, आपला फोन म्हातारा झाला आहे, नुसता खरखरतो. तेव्हा मला पत्रच लिहीत जा. बोललेलं हवेत विरतं आणि लिहिलेलं उरतं, असं चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. आता स्वतःवर लावून बघतो.

घर ठीक आहे. दोन खोल्या रोज झाडतो. तुझ्या आईची तिसरी अजून झाडवत नाही. स्वयंपाकाचं म्हणशील तर पोट भरण्यापुरतं जमतं. कुकर एकदा कोरडा पडून काळाठिक्कर झाला, शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. खालचे टेलरमास्तर दिवसाआड डोकावतात आणि शर्टाचं बटण सैल झालंय का म्हणून विचारतात. माझ्या बटणांची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

पुस्तिकेचं काम थांबवलेलं नाही. प्रकाशकाला पन्नास शब्द हवेत, शाळेतल्या मोठ्या मुलांना समजतील असे. तीस झाले. एकतिसाव्यावर घोडं अडलंय. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या मूळ भाषेतला हा शब्द, 'क्लुतोस्'. विशेषण, अर्थ 'ऐकलेला'. त्याच्या डोक्यावर मी एक चांदणी काढतो. ती चांदणी म्हणजे आम्हा भाषा अभ्यासणाऱ्यांची कबुली असते, की हा शब्द कुठल्या शिळेवर किंवा पोथीत सापडलेला नाही, आम्ही तो मागून जुळवला आहे. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी तो बोलणारी माणसं लिहीत नव्हती. त्याच्या लेकी मात्र देशोदेशी नांदल्या. त्यांची नाकंडोळी बघून आई कशी दिसत असेल ते ताडायचं, एवढाच आमचा धंदा.

संस्कृतात आली ती 'श्रुत' झाली. बहुश्रुत म्हणतो ना आपण, तीच. ग्रीकांकडे गेली ती 'क्लुतोस'च राहिली, पण तोरा वाढला. ज्याच्याबद्दल सगळे ऐकून आहेत तो, म्हणजे नामवंत. लॅटिनात 'इन्क्लुतुस', तोच थाट. जुन्या आयरिशमध्ये 'क्लोथ', म्हणजे कीर्ती. आणि आर्मेनियनमध्ये बिचारी झिजून झिजून नुसती 'लु' उरली. गंमत बघ, अर्थ 'ऐकलेला', आणि आज हयात असलेल्या एकाही माणसानं तो ऐकलेला नाही.

बाकी क्षेम. कामाच्या रगाड्यात जेवण चुकवू नकोस. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
बाबा

१९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. एकतिसाव्या शब्दाच्या सगळ्या लेकी आपापल्या घरी सुखरूप पोचल्याचं वाचून आनंद झाला. तुमच्या स्वतःच्या एकुलत्या लेकीचीही कधीतरी चौकशी करा.

इथे पाण्याच्या बाटल्यांनी टेबलं भरून गेलीत. दिवसाला साठ नमुने. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकात थेंब, मग रंग बदलतो का ते बघत बसायचं. हातांची सालं निघालीत. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, की या प्रयोगशाळेत दोनच माणसं टिकतात, ज्यांना घरी करमत नाही ती आणि ज्यांना घरच नाही ती. मी कुठल्या रांगेत, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

बाबा, कुकरचं वाचून मी हसले नाही. तुमचं टेबल आणि ओटा यांच्यात दहा पावलं आहेत. मी आले होते तेव्हाही चहात साखर किती म्हणून विचारलं, तर तुम्ही 'गुरुवारी' असं उत्तर दिलंत. दुःखात माणसाचं ध्यान नसतं, असं मी मनाशी म्हटलं. आता तसं वाटत नाहीये.

आणखी एक आहे. दोन महिने पोटात ठेवलं, आता राहवत नाही. आई गेली त्या सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. त्या म्हणाल्या, की तुमची आई शुद्धीवर असताना न्हाणीघरात नऊच्या सुमारास पडल्याचं सांगत होती, आणि आमच्याकडे आणलं तेव्हा एक वाजून गेला होता. पोटात रक्तस्राव होत होता, दोन तास जरी आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असंही म्हणाल्या. तेव्हा तुमच्याकडे बघवत नव्हतं. पण मी रोज बाटल्यांवर वेळ लिहिणारी बाई आहे. नऊ आणि एक यांच्यातले चार तास मला कुठेच लिहिता येत नाहीयेत.

तुम्ही घरात नव्हता का? कुठे गेला होता? मला फक्त माहीत करून घ्यायचंय.

रागावू नका. माझ्यावरचा हात काढू नका.

तुमची,
ठकू

२८ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हातांना रात्री तेल लाव. तुझी आई लावायची.

तुझा प्रश्न वाचला. त्या दिवशी मी वाचनालयात गेलो होतो, पुस्तकं परत करायला. तिथे एक जुना विद्यार्थी भेटला, बोलता बोलता वेळ गेला. घरी आलो तर हे असं. याहून सांगण्यासारखं काही नाही, आणि जे झालं ते उगाळून ती परत यायची नाही.

एकतिसाव्या शब्दाची एक लेक मागच्या पत्रात सांगायची राहिली. ही उत्तरेकडे गेली, जर्मन घराण्यात. तिथे तिचा उकार लांबला, 'क'चा 'ह' झाला, पुढे तोही गळाला. इंग्रजीत आज ती 'लाउड', जर्मनमध्ये 'लाउट'. आधी अर्थ होता ऐकलेला, मग ऐकू येण्याजोगा, आणि शेवटी मोठ्या आवाजाचा. बाकीच्या बहिणी ऐकणाऱ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या, ही एकटी बोलणाऱ्याच्या. म्हणजे ऐकू जावं ही जबाबदारीच तिनं बोलणाऱ्यावर ढकलली. तुझं बोलणं ऐकू जायला हवंय ना, मग ओरड. असं काहीतरी मी पोरांसाठी लिहिलं आणि खोडलं.

आपलं मराठी 'ऐकणं' या घराण्यातलं नव्हे. ते बहुधा कानावरून आलंय. आणि मराठीत ऐकणं म्हणजे मानणंसुद्धा. तुझी आई जन्मभर म्हणायची, की तुम्ही माझं कधी ऐकतच नाही. या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे मी तिला विनोदानं समजावून सांगत असे.

थंडी सुरू झाली आहे. अंगावर काहीतरी घालत जा. तुझी आठवण नित्य आहे, तुझ्याकडेही माझी असो.

तुझा,
बाबा

३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
न. वि. वि.

वाचनालय गुरुवारी बंद असतं. वीस वर्षं तुम्ही त्या ग्रंथपालाच्या नावानं बोटं मोडत आलात, की शहाण्यानं आठवड्याच्या मधोमध कुलूप घातलंय. आई गुरुवारी पडली.

मला लहानपणी एकदाच मारलंत, खोटं बोलले म्हणून. आठवतंय?

तुम्ही सांगणार नसाल तर मी दुसऱ्या कुणाला तरी विचारीन. खालच्या मास्तरांना आजच पत्र टाकते आहे.

ठकू

१० नोव्हेंबर

ताईंस,
टेलरमास्तरांचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. मला लिहायची सवय नाही, मापं लिहितो तेवढीच. चुकलं तर पदरात घ्या.

तुम्ही विचारलंत, त्या दिवशी काही ऐकलं का. ऐकलं, ताई. तीन महिने झाले, कुणाला बोललो नाही.

त्या दिवशी शाळेच्या गणवेशांचं काम होतं, म्हणून साडेआठलाच मशीन सुरू केलं. नऊ वाजून गेल्यावर वर काहीतरी धप्पकन पडलं. बादली असेल म्हटलं. थोड्या वेळानं हाक आली, अहो. मोठी नाही, साधी. आवाज बाईंचा. मी मशीन थांबवलं. परत आली, अहो, ऐकलंत का. तेवढ्यात माझ्या डोक्यावर सरांची खुर्ची सरकली आणि सर चालायला लागले. त्यांचं चालणं मला पाठ आहे. लिहिताना अडले की ते खिडकीपर्यंत जातात आणि परत येतात. मला वाटलं, गेले बाईंकडे. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला डोकावायचं. मी पायडलवर पाय ठेवला.

मग मशीनच्या आवाजात काही कळलं नाही. दहाच्या सुमारास दोरा बदलायला थांबलो तर नळावर कुणी काहीतरी आपटत होतं. टक टक, मग थांबून परत टक. खोटं कशाला सांगू, वर जाऊन बघावं असं मनात आलं होतं. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर आवाजही बंद झाला होता, म्हणून मीही विसरलो.

पावणेएकला सर खाली आले. एकाच पायात चप्पल. नुसतं वर बोट दाखवलं. मी वर पळालो. अँब्युलन्सला फोन मीच केला, कारण सरांना फोनवरचं ऐकू येत नाही. समोरचंही अर्धंच येतं. तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. अख्ख्या इमारतीला माहीत आहे. बाईंनीच आम्हाला सांगून ठेवलं होतं, की सरांशी बोलायचं तर समोर उभं राहून बोला, आणि ऐकू येत नाही का असं कधी विचारू नका, त्यांच्या मनाला लागतं.

मला हाक ऐकू आली हे मी सरांना सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून जिना चढतो आणि दारात उभा राहून विचारतो, सर, बटण लावून देऊ का. तुम्हीही इतक्यात बोलू नका, एवढी कृपा करा.

गरिबावर राग धरू नका. धरलात तरी तो बरोबरच असेल.

आपला,
खालचे टेलरमास्तर

१४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला ऐकू येत नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, आणि ते अख्ख्या इमारतीला माहीत होतं. दारात दूध टाकणाऱ्याला माहीत होतं. मला नव्हतं. तुम्ही दोघांनी मिळून ते माझ्यापासून लपवलंत आणि मी वर्षातून दोनदा येऊन, चार दिवस राहून, बाबा हल्ली फारच विसरभोळे झालेत म्हणून हसून परत जात होते.

पण सगळा दोष तुमच्या पदरात टाकून मी मोकळी होत नाहीये. मे महिन्यात आईचा फोन आला होता. म्हणाली, ये आणि यांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे ने, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. का, कशासाठी, असं मी विचारलंच नाही. मळ साचला असेल, तेल घाल म्हणाले. तेव्हा कुठल्याशा वस्तीत पाण्यानं माणसं आजारी पडली होती आणि आम्ही दिवसरात्र नमुने तपासत होतो. मी म्हटलं, बघू, जरा मोकळी झाले की येते. ती म्हणाली, बरं, पण फार उशीर करू नकोस. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि मी मोकळी झाले ती थेट ऑगस्टात, तिच्यासाठी.

म्हणजे एकानं ऐकलं नाही आणि एकीनं ऐकून सोडून दिलं. आता मला त्या दिवसाचं सगळं सांगा. शब्दांच्या लेकीसुना नकोत. तुम्ही कुठे बसला होता, काय केलंत, ती काय म्हणाली. तिचा शेवटचा दिवस माझ्याकडे नाहीये, तो तुमच्याकडे आहे. तो एकट्यानं ठेवून घेऊ नका.

ठकू

२२ नोव्हेंबर

चि. ठकूस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार उरलाय की नाही, कळत नाही. म्हणून ती जागा कोरी सोडली.

हो, मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. आधी घड्याळ गप्प झालं, मग वर्गातले मागचे बाक. निवृत्तीला एक वर्ष असताना नोकरी सोडली आणि पुस्तक लिहायचंय म्हणून सगळ्यांना सांगितलं. खरं असं, की एका मुलीनं मला प्रश्न विचारला, मी भलतंच उत्तर दिलं आणि वर्ग हसला. ऐकण्या-बोलण्यावर पोट भरलेला माणूस मी. त्या हसण्यानं मी मेलो, आणि मेलेलं कळू नये म्हणून तुझ्या आईच्या आड लपलो.

तिनं एक खूण काढली होती. चारचौघांत ती माझ्या शेजारी बसायची आणि कोपरावर बोटं टेकवायची. एकदा टेकवली की नाही म्हणायचं, दोनदा टेकवली की हो. लोकांना वाटायचं, या वयातही काय प्रेम आहे. डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते, की कानात यंत्र घाला. मी म्हटलं, भाषेचा माणूस कानात भोंगा घालून हिंडणार नाही. ती दर दोन-तीन महिन्यांनी विषय काढायची. मी कानाडोळा करायचो.

त्या गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात येऊन काहीतरी म्हणाली. मी मान न वळवता हो म्हटलं. अंघोळीला जाते असंच म्हणाली असणार. मी टेबलाशी बसलो. समोर एकतिसावा शब्द होता. तो मी तिच्यानंतर घेतलेला नाही, तो तेव्हाच होता, आणि आजही मी त्याच पानावर आहे.

अकराला ती मला चहा द्यायची. सव्वाअकरा झाले तरी चहा नाही. आणि ठकू, मी चिडलो. बसल्या जागेवरून ओरडलो, की अगं, आज चहा मिळणार आहे का. ती आतून काही म्हणाली असेल. तिला वाटलं असेल, की आला यांचा आवाज, आता येतील. मी वाट बघितली, उत्तर आलं नाही. म्हणजे आलं नाही असं मला वाटलं. रुसली असेल तर रुसू दे म्हणून मी पुन्हा लिहायला घेतलं. आणखी सव्वा तास. उठलो तो पोटात कावळे कोकलायला लागले म्हणून.

दाराला आतून कडी नव्हती. मला दाराआडून ऐकू येत नाही, म्हणूनच ती कडी लावत नसे. ती भिंतीशी पडली होती, हातात पितळी तांब्या, आणि तांब्याच्या काठाला पोचे आलेले. नळालाही पांढरे चरे. ती शुद्धीवर होती. ओठ हलत होते. मी खाली बसलो, कान तिच्या तोंडाशी नेला. काही कळेना. आणि मी ओरडलो तिच्यावर. मोठ्यानं बोल म्हणालो. एकदा नाही, तीनदा. साडेतीन तास हाका मारून घसा बसलेल्या बाईला मी सांगत होतो, की मोठ्यानं बोल.

तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ मिटले. मग हात उचलला आणि माझ्या कोपरावर दोन बोटं टेकवली. दोनदा. मी हो म्हटलं.

कशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही. तिनं काय मागितलं, काय सांगितलं, तुझ्यासाठी काही होतं का, मला माहीत नाही. तू म्हणतेस तिचा शेवटचा दिवस माझ्याकडे आहे. माझ्याकडे हा एवढा एक 'हो' आहे, तो तुला देतो. दवाखान्यात ती डॉक्टरांशी बोलली, परिचारिकेशी बोलली. माझ्याशी पुन्हा बोलायचा प्रयत्न तिनं केला नाही. दमली होती.

यापुढे पत्र नाही लिहिलंस तरी मी समजून घेईन.

बाबा

२७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
न. वि. वि.

पत्र वाचलं. तीन दिवस कामावर गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर माझ्या हातून नमुन्यांचा अख्खा खोका खाली पडला.

तुम्हाला माफ केलं असं लिहिलं होतं. फाडून टाकलं. आपल्या घरात खोटं आता पुरे झालं. माफ करता आलं तर कळवीन, पण त्याची वाट बघत बसू नका. मीही माझ्या बाबतीत बघत नाही.

पाच डिसेंबरला येते आहे. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. या वेळी मला मोकळी व्हायची वाट बघायची नाहीये. यंत्र बसवून घ्यायचं आणि रोज घालायचं. भोंगा दिसला तर दिसू दे.

वाटेत मी तुमच्याशी बोलेन की नाही, सांगता येत नाही. बोलले नाही तर ते न बोलणंच आहे, तुमचे कान नव्हेत, म्हणून आधीच लिहून ठेवते.

आईची खोली झाडू नका. मी झाडीन.

ठकू

९ जानेवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तू गेल्यावर यंत्र एक दिवसही काढलेलं नाही, झोपताना सोडून. पहिले आठ दिवस जीव नकोसा झाला. कागद उलटला तरी पत्रा वाजल्यासारखं वाटायचं. स्वतःच्या चावण्याचा आवाज, चपलांचा आवाज. माझी खुर्ची एवढी किंचाळते हे मला ठाऊकच नव्हतं. आता सरावलो. कुकरच्या शिट्ट्या मोजतो. दारावरची घंटा कळते. घर सगळं बोलतंय, नळ, खिडकीची काच, खालचं मशीन. जिच्यासाठी हे करायचं ती सोडून सगळं.

पुस्तिका पुरी करून दिली. एकतिसावा शब्द काढून टाकावा असं मनात आलं होतं, ठेवला. शब्दानं माझं काय वाकडं केलंय? त्याच्या डोक्यावर चांदणी काढली, लेकी लिहिल्या, खाली माझं काही लिहिलं नाही. प्रकाशक म्हणतात, की बाकी शब्दांना तुम्ही शेवटी गोडसं काहीतरी जोडलंय, यालाच नाही. मी म्हटलं, असू द्या.

परवा सकाळी मास्तर वर आले. नेहमीसारखे दारात उभे राहिले, पण बटणाचं विचारलं नाही. आत आले, खाली बसले आणि सगळं बोलले. हाक ऐकलेली, नळ ऐकलेला, गिऱ्हाईक. तुला ते लिहून कळवल्याचंही बोलले. तू मला सांगितलं नाहीस, त्यांचा शब्द राखलास, ते बरं केलंस. मी त्यांना सांगितलं, की तुम्ही मशीन थांबवून ऐकलंत. मी ऐकायचं यंत्र घेतलंच नाही. तुमच्या डोक्यावर माझी पावलं वाजत होती, तेव्हा तुमचा काही दोष नाही. त्यांना ते पटलं नाही. ते गणवेश त्यांनी नंतर दुसऱ्या शिंप्याकडे देऊन टाकले होते म्हणे, त्यांच्यानं पुरे झाले नाहीत.

मग मी त्यांना एक काम सांगितलं. सांगायला नको होतं, पण तू गेल्यापासून तेच डोक्यात घोळत होतं. मी टेबलाशी जाऊन बसलो, यंत्र घालून, दाराकडे पाठ करून. त्यांना म्हटलं, न्हाणीघरात जा, दार लोटून घ्या आणि मला एकदा हाक मारा. साध्या आवाजात, जशी तुम्ही त्या दिवशी ऐकली तशी. ते नको नको म्हणत होते. मी हात जोडले तेव्हा गेले.

पेन हातात धरून मी बसलो होतो. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. आणि हाक आली. सर. बस, एवढंच. पहिल्याच खेपेला आली, स्वच्छ, खोलीतच कुणी उभं असावं तशी.

मास्तर बाहेर आले. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. घाईघाईनं म्हणाले, की सर, मनाला लावून घेऊ नका, मी फार मोठ्यानं ओरडलो हो, बेंबीच्या देठापासून ओरडलो, म्हणून तुम्हाला ऐकू आलं, बाईंची हाक एवढी मोठी नव्हती. डोळे पुसत जिना उतरून गेले. भला माणूस.

ठकू, आपल्या घरात खोटं पुरे, असं तू लिहिलंस, म्हणून तुला कळवतो. मास्तर ओरडले नव्हते. ते अगदी हळू बोलले होते. यंत्रात तेही कळतं.

रविवारी फोन कर. उचलीन.

तुझा,
बाबा